वायू ओळखणारा प्रकाश आणि गटारात उतरणारा माणूस

केंद्र सरकारने २०२४ साली संसदेत दिलेल्या उत्तरानुसार, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली. ही सरकारी मोजणी आहे. मोजणीत न आलेले मरण वेगळे. या माणसांच्या जातीविषयी, ठेकेदारीविषयी, समाजाच्या निबर मनाविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. परंतु ही माणसे ज्याने मरतात तो वायू, त्याचे गुणधर्म, तो मोजण्याची साधने यांविषयी आपण फारसे बोलत नाही. ते काम इंजिनियरांचे, असे आपण धरून चालतो.

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे. माझे म्हणणे असे की, जे साधन आपल्या माणसाच्या जीवनमरणाचा निकाल देणार आहे, त्याच्या आत काय चालते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक नसेल तर साधन ज्याच्या हातात असेल त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे एवढेच आपल्या हाती उरते. आणि तसा विश्वास ठेवल्याची किंमत आपण किती मोजली आहे, ते नव्याने सांगायला नको.

गेल्या काही वर्षांत वायू ओळखण्याचे एक नवे तंत्र पुढे आले आहे. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशासाठी वाटा कोरायच्या, त्या वाटांत काचेच्या तंतूतून प्रकाश सोडायचा आणि परत आलेल्या प्रकाशावरून कोणता वायू किती आहे ते दुरून सांगायचे. याला एकात्मिक प्रकाशकी म्हणतात. जाहिरातींची भाषा वाचली तर गटारातले मरण आता संपलेच असे वाटावे. ते तसे का नाही, आणि तरीही हे तंत्र आपण का समजून घ्यावे, हे मला मांडावयाचे आहे.

आधी गटारात काय असते ते पाहू. मैलापाणी साचून राहिले आणि त्यातला प्राणवायू संपला की वेगळ्या प्रकारचे जिवाणू कामाला लागतात. काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, काही मिथेन. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एखादा भाग असला तरी नाकाला कळते. मात्र हेच प्रमाण दहा लाखांत १०० च्या आसपास गेले की नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे उतरणाऱ्याला वाटते, आणि नेमका त्याच वेळी तो वाढलेला असतो. प्रमाण ७०० ते १००० झाले की एकदोन श्वासांत शुद्ध जाते. हा वायू हवेपेक्षा थोडा जड, म्हणून तळाशी बसतो. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा. तो विषारी नाही, पण तो प्राणवायूची जागा घेतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के असला तर एका ठिणगीने भडका होतो. तिसरा मारेकरी म्हणजे प्राणवायूचा अभाव. त्याला रंग नाही, वास नाही, काहीच नाही. आपल्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा माणसासाठी असुरक्षित धरतात.

यात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच नेहमी विसरली जाते. हायड्रोजन सल्फाइड गाळात मुरलेला असतो. वरचा थर शांत असला, झाकण दोन तास उघडे ठेवलेले असले, तरी गाळात पाय पडला किंवा पहार फिरवली की सोड्याची बाटली उघडावी तसा तो एकदम वर येतो. उतरण्यापूर्वी केलेली मोजणी खरी असते. उतरल्यानंतर ती खोटी ठरते.

माझे चुलते एका मोठ्या शहराच्या ड्रेनेज खात्यात तीस वर्षे होते. ते सांगत की, मुकादम दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचे, तेवत राहिला तर उतरायचे. हे शास्त्र कितपत खरे? कंदील फक्त प्राणवायूचे सांगतो, तेही प्रमाण बरेच खाली गेल्यावर. मिथेन असेल तर कंदीलच स्फोट घडवील. आणि दहा लाखांत १००० भाग हायड्रोजन सल्फाइड म्हणजे शेकडा ०.१, एवढ्याने ज्योतीला काहीही होत नाही. कंदील तेवत राहतो आणि माणूस विझतो. याहून बरी युक्ती म्हणजे शिसे असेटेटमध्ये भिजवलेला कागद. हायड्रोजन सल्फाइड लागला की तो काळा पडतो. स्वस्त आणि खरे साधन. पण तेसुद्धा वरच्या अधिकाऱ्याच्या टेबलातून मॅनहोलपर्यंत क्वचितच पोचत असे.

आज चार वायू मोजणारे खिशातले इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळते. त्यात विषारी वायूसाठी आणि प्राणवायूसाठी रासायनिक घट असतात. घट म्हणजे एक प्रकारची बॅटरीच. वायू आत गेला की वीज निर्माण होते. हा घट साधारण दोनतीन वर्षांत संपतो. मिथेनसाठी तापवलेला मणी असतो. त्यावर वायू जळतो आणि मण्याचे तापमान वाढते. या मण्याला जळण्यासाठी प्राणवायू लागतो, म्हणजे जेथे प्राणवायू नाही तेथे तो आंधळा. शिवाय हायड्रोजन सल्फाइडनेच तो निकामी होतो. ज्या ठिकाणी त्याची गरज, त्याच ठिकाणचा वायू त्याचा शत्रू. एका नगरपालिकेच्या भांडारात मी असे यंत्र पाहिले आहे. वरचे प्लॅस्टिक फोडलेले नव्हते, आणि घटाची मुदत संपून चार वर्षे झाली होती. यादीत मात्र ‘वायुमापक – १ नग’ अशी नोंद होती.

आता प्रकाशाकडे वळू. १८५९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने एका लांब नळीत निरनिराळे वायू भरून त्यांतून उष्णतेचे किरण सोडले. हे डोळ्यांना न दिसणारे किरण, ज्यांना आपण अवरक्त म्हणतो, विल्यम हर्शेलने १८०० साली शोधले होते. काच हे किरण अडवते, म्हणून टिंडलने नळीच्या तोंडांना सैंधवासारख्या खनिज मिठाच्या चकत्या बसवल्या. त्याला आढळले की, प्राणवायू आणि नायट्रोजन हे किरण जवळजवळ अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि दगडी कोळशापासून केलेला दिव्याचा वायू मात्र भरपूर अडवतात. त्याच्या तीन वर्षे आधी, १८५६ साली, युनिस फूट या अमेरिकन बाईने उन्हात ठेवलेल्या काचेच्या नळ्यांत कार्बन डायऑक्साइड जास्त तापतो हे दाखवले होते. तिचा निबंध शास्त्रज्ञांच्या सभेत तिच्याऐवजी एका पुरुषाने वाचला आणि पुढे दीडशे वर्षे तिचे नाव कोणी घेतले नाही. ज्ञानाच्या इतिहासात कोणाला बोलू दिले जाते हा प्रश्न केवळ आपल्याच देशातला नाही. असो.

वायू प्रकाश अडवतो म्हणजे काय? मिथेनच्या रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन असतात. त्यांचे बंध स्प्रिंगसारखे कंप पावतात, आणि हा कंप ठरावीक गतीचाच असतो. त्या गतीशी जुळणारा प्रकाश आला तर रेणू तो पिऊन टाकतो. न जुळणारा सोडून देतो. मिथेन ३.३ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश जोरात पितो आणि १.६५ मायक्रॉनचा थोडासा. कार्बन डायऑक्साइडची जागा ४.२६ मायक्रॉनला आहे. अमोनियाची एक १.५३ च्या आसपास. हायड्रोजन सल्फाइडची एक १.५८ च्या आसपास, पण फार फिकी. प्राणवायूच्या रेणूत दोन्ही अणू सारखेच; त्यांच्या कंपाला प्रकाश पकडता येत नाही, म्हणून त्याला वेगळ्याच ठिकाणी, ०.७६ मायक्रॉनच्या गडद तांबड्या प्रकाशात, शोधावे लागते. प्रत्येक वायूची अशी स्वतःची ओळख असते आणि ती त्याला लपवता येत नाही.

शोषणाचे गणित सोपे आहे. वायू जितका दाट आणि प्रकाशाची वाट जितकी लांब, तितका प्रकाश जास्त गळतो. शेकडा १ मिथेन असलेल्या हवेतून १.६५ मायक्रॉनचा प्रकाश १० सेंटिमीटर गेला, तर शंभरातला सुमारे चार भाग प्रकाश कमी होतो. चार भाग म्हणजे फार नव्हे. तेवढा तर धुळीनेही कमी होईल. मग धुळीने गेला की मिथेनने, हे कसे ओळखायचे? यासाठी लेसरचा विजेचा प्रवाह किंचित कमीजास्त करून त्याचा रंग अगदी थोडा इकडे-तिकडे फिरवतात. धूळ सर्व रंग सारखेच अडवते. मिथेन फक्त आपलाच अडवतो. म्हणून रंग फिरवताना आलेखात जी अरुंद खाच पडते ती मिथेनची, आणि संपूर्ण आलेख खाली आला तर ती धूळ. हे तत्त्व इतके स्वच्छ आहे की, अकरावीच्या मुलांना ते एका तासात समजते असा माझा अनुभव आहे.

मिथेन ३.३ मायक्रॉनला जोरात सापडतो, तरी १.६५ ची फिकी जागा का वापरतात? कारण टेलिफोन. दूरसंचाराच्या काचतंतूंसाठी १.५५ मायक्रॉनच्या आसपासचे लेसर आणि तंतू जगभर बनवले जातात, म्हणून स्वस्त मिळतात. १९७० साली कॉर्निंग कंपनीत बनलेल्या पहिल्या चांगल्या तंतूतून एक किलोमीटर गेल्यावर शेकडा एक-दोन भागच प्रकाश उरत असे, आणि तेवढ्यावरही जग आनंदले होते. आज तेवढ्याच अंतरानंतर शेकडा ९५ उरतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

तंतूच्या पुढची पायरी म्हणजे चिप. १९६९ साली बेल प्रयोगशाळेतल्या स्ट्युअर्ट मिलर यांनी अशी कल्पना मांडली की, विजेची मंडले जशी एका तुकड्यावर बसतात तशी प्रकाशाचीही बसवावीत. सिलिकॉन आपल्या डोळ्यांना काळपट राखी दिसतो, पण १.१ मायक्रॉनच्या पुढच्या प्रकाशाला तो काचेसारखा पारदर्शक असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे ३.४८ आणि काचेचा १.४४. एवढ्या फरकामुळे सिलिकॉनच्या बारीक पट्टीत शिरलेला प्रकाश बाहेर निसटत नाही. पट्टी वळली तर तोही वळतो. अशा पट्टीला तरंगमार्ग म्हणू. ती साधारण ०.४५ मायक्रॉन रुंद आणि ०.२२ मायक्रॉन जाड असते. केस तिच्यापेक्षा शंभराहून अधिक पट जाड.

खरी अडचण येथेच सुरू होते. तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा आणि तरंगमार्ग अर्ध्या मायक्रॉनहून कमी. क्षेत्रफळाने पाहिले तर सहाशे पटींहून अधिक फरक. मोठ्या पाटाचे पाणी एका बोटाएवढ्या चरीत वळवायचे आणि थेंब सांडू द्यायचा नाही, अशातली ही गोष्ट. भिंगाने प्रकाश एकवटावा म्हटले तर तो आपल्या तरंगलांबीच्या निम्म्याहून फारसा बारीक होत नाही. म्हणून दोन युक्त्या निघाल्या.

पहिली युक्ती खाचांची. तरंगमार्गाचे तोंड रुंद करून त्यावर ०.६३ मायक्रॉनच्या आसपास अंतराने समांतर खाचा पाडतात आणि तंतू वरून, किंचित तिरपा, धरतात. प्रत्येक खाच थोडासा प्रकाश आडवा वळवते. हलगीवाल्यांची एक लांब रांग उभी आहे आणि प्रत्येकाने शेजाऱ्यानंतर नेमक्या एवढ्याच अंतराने थाप मारली, तर सगळ्या थापांचा आवाज एका दिशेला जुळून जोरात जातो. तसे खाचांचे अंतर बरोबर असेल तर वळवलेल्या सगळ्या लहरी जुळतात आणि तरंगमार्गात शिरतात. अंतर चुकले तर त्या एकमेकींना मारतात. या पद्धतीत साध्या रचनेत निम्म्याहून अधिक प्रकाश वाया जातो. चांगल्या रचनेत कमी.

दुसरी युक्ती मला अधिक आवडते, कारण ती उलटी वाटते. तंतूशी जुळण्यासाठी तरंगमार्ग रुंद करण्याऐवजी टोकाला तो आणखी अरुंद करतात, ०.१ ते ०.२ मायक्रॉनपर्यंत. वाट इतकी अरुंद झाली की प्रकाश तिच्यात मावत नाही. तो पट्टीच्या बाहेर पसरतो आणि पट्टीला नुसता धरून चालतो. पसरल्यामुळे तो मोठा होतो आणि मोठ्या तंतूशी त्याचे जुळते. मात्र तंतू आणि चिप यांची तोंडे एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकी, अचूक लागली पाहिजेत आणि तशीच राहिली पाहिजेत. चिप हजारोंनी छापता येते. जोडणी एकेक करावी लागते. चिपपेक्षा जोडणी महाग पडते हे या धंद्यातले उघड सत्य आहे, आणि उपकरणाची किंमत नगरपालिकेच्या आवाक्यात येते की नाही हे बव्हंशी या जोडणीवर ठरते.

पट्टीच्या बाहेर पसरणारा प्रकाश हाच वायू ओळखण्याचाही आधार आहे. पट्टी वरून उघडी ठेवली तर तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा काही भाग हवेत, पट्टीला चिकटून चालतो. तेथे मिथेन असेल तर तो भाग शोषला जातो. प्रकाशाची वाट लांब हवी म्हणून पट्टी चकलीसारखी वळवत नेतात. अमेरिकेत आयबीएमच्या संशोधकांनी २०१७ साली १० सेंटिमीटर लांबीची पट्टी १६ चौरस मिलिमीटरपेक्षाही कमी जागेत वळवून बसवली आणि दहा लाखांत १०० भागांपेक्षा कमी मिथेन ओळखता येतो हे दाखवले. स्फोटाची खालची मर्यादा ५ टक्के, म्हणजे दहा लाखांत ५०,००० भाग. तेव्हा मिथेनसाठी ही चिप पुरेशीच नव्हे, भरपूर आहे.

‘दुरून’ या शब्दाचे येथे दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक म्हणजे चिप तंतूच्या टोकाला बांधून खाली सोडायची. लेसर, वीज आणि वाचणारा माणूस वर. खाली फक्त काच आणि सिलिकॉन, विजेचा थेंबही नाही. मिथेन भरलेल्या जागेत याचे मोल किती ते सांगायला नको. तंतू किलोमीटरभर लांब असला तरी फरक पडत नाही. दुसरा अर्थ म्हणजे हातातल्या यंत्रातून लेसरचा झोत समोर टाकायचा आणि भिंतीवरून परत आलेला प्रकाश वाचायचा. गॅसच्या नळातली गळती शोधणारी अशी यंत्रे सुमारे ३० मीटरवरून मिथेन ओळखतात. पण झोत आपल्या संपूर्ण वाटेवरच्या वायूची बेरीज सांगतो. एक मीटर जाडीचा १००० भागांचा ढग आणि शंभर मीटर पसरलेला १० भागांचा ढग, दोघांचे उत्तर तेच. तळाशी बसलेला जड वायू अशा बेरजेत हरवून जाण्याचा संभव असतो.

आता ज्या गोष्टी जाहिरातीत नसतात त्या सांगतो. या चिपांचे यश प्रामुख्याने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या बाबतीत आहे. गटारात माणूस मारणारा मुख्य वायू हायड्रोजन सल्फाइड, आणि तो या तरंगलांबीत मिथेनपेक्षा कितीतरी फिका. मिथेन जेथे सहज सापडतो त्या दहा सेंटिमीटर पट्टीवर दहा लाखांतले दहा-वीस भाग हायड्रोजन सल्फाइड सापडणार नाहीत. त्यासाठी आरशांमध्ये प्रकाश अनेकदा परतवून लांब केलेली वाट लागते, किंवा अतिनील प्रकाश लागतो, जेथे हा वायू चांगला शोषतो. चिपवर वर्तुळाकार मार्ग करून प्रकाश त्यात पुन्हा पुन्हा फिरवण्याचे प्रयोगही होत आहेत. तेव्हा ‘मिथेन नाही’ असे चिपने सांगितले म्हणून कोणी खाली उतरवू लागला, तर त्याला तेथेच थांबवले पाहिजे. शिवाय गटाराची हवा ओलीगच्च. उघड्या पट्टीवर पाण्याचे थेंब साचतात, चरबीचा पापुद्रा बसतो. वायू आत येईल पण पाणी येणार नाही असा बारीक छिद्रांचा पडदा लावावा लागतो, आणि तो धुवावाही लागतो. तो कोण धुणार, हा प्रश्न प्रयोगशाळेत कोणी विचारीत नाही.

यंत्राची बाजू येथे संपते आणि कायद्याची सुरू होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ च्या डिसेंबरात, धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः जमिनीखाली उतरून त्यांनी कामगारांची स्थिती पाहिली. खाणीतही मिथेनच असतो. स्वातंत्र्यानंतर झालेल्या कोळसा खाण नियमांत एक आकडा लिहिला गेला: मिथेन सव्वा टक्का झाला की वीज तोडायची आणि माणसे बाहेर काढायची. व्यवस्थापकाची मर्जी, उत्पादनाची निकड, काहीही त्या आकड्यापुढे चालत नाही. निदान कागदावर तरी. खाणीतही माणसे मेली आणि मरतात. पण तेथे यंत्रावरचा आकडा हा हुकूम आहे.

गटारात आकड्याला हा मान नाही. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टाकीच्या ‘धोकादायक सफाई’वर बंदी घातली. परंतु धोकादायक सफाई म्हणजे काय? मालकाने संरक्षक साधने न देता आणि खबरदारी न पाळता माणसाकडून करवून घेतलेली. म्हणजे साधने दिली, खबरदारी घेतली, तर तोच माणूस त्याच खड्ड्यात उतरला तरी व्याख्येच्या बाहेर. त्याच वर्षीच्या नियमांतल्या साधनांच्या यादीत वायुमापकही आहे. माझी भीती येथे आहे. उद्या ही प्रकाशाची चिप स्वस्त झाली, तंतूच्या टोकाला बांधून खाली सोडली गेली आणि हिरवा दिवा लागला, तर तो दिवा कोणाच्या बाजूने साक्ष देईल? गाळ ढवळण्यापूर्वीचा हिरवा दिवा हा उतरवण्याचा परवाना बनेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ च्या ऑक्टोबरात ती तीस लाख केली, आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई थांबवण्याचा आदेश दिला. न्यायालयाची दिशा स्पष्ट आहे: माणूस उतरताच कामा नये. यंत्राचा उपयोग याच दिशेने झाला पाहिजे.

मग माणूस उतरणारच नसेल तर वायू मोजायचा कशाला, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. प्रश्न चांगला आहे. माझे उत्तर दुसऱ्या माणसासाठी आहे. बातम्या नीट वाचल्या तर दिसते की, सेप्टिक टाकीत पुष्कळदा एक माणूस मरत नाही; दोन, तीन, कधी चार मरतात. पहिला पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा, मग शेजारी. पहिला बेशुद्ध का पडला हे वरच्यांना कळत नाही. त्यांना वाटते चक्कर आली, पाय घसरला. त्या क्षणी तोंडाशी लटकलेला मापक तांबडा झाला आणि ओरडला, तर दुसरा माणूस दोरी आणि हवेचा मुखवटा येईपर्यंत थांबेल. थांबणे फार कठीण आहे, पण निदान त्याला कळेल.

दुसरा उपयोग साक्षीचा. तंतूला जोडलेले यंत्र दर सेकंदाला आकडा लिहिते, वेळेसह. असे मृत्यू झाले की ठेकेदार म्हणतो, तो आपणहून उतरला, आम्हाला काही ठाऊक नव्हते. मृत माणूस उत्तर देत नाही. त्याची बायको, जिला त्या दिवशी तो कोठे गेला एवढेही सांगितलेले नसते, ती काय सिद्ध करणार? पण दहा वाजून बारा मिनिटांनी आकडा इतका होता आणि तो वर दिसत होता, अशी नोंद असेल तर ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही. अट एवढीच की ही नोंद ठेकेदाराच्या खिशात राहू नये. ती कामगारांच्या संघटनेला, वस्तीला, निदान तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसली पाहिजे. केरळात २०१८ पासून गटारात माणसाऐवजी यंत्रमानव उतरवण्याचे काम सुरू झाले. अशा यंत्रांवर हे मापक बसवले तर ढवळलेल्या गाळातून किती वायू उठतो याची मोजणी एकाही माणसाला खाली न पाठवता होईल. आपल्या शहरांच्या गटारांची अशी मोजणी प्रसिद्ध झाली, तर ‘दोन तास झाकण उघडे ठेवले होते’ हा बचाव किती पोकळ आहे ते कोणत्याही न्यायालयाला दिसेल.

तोपर्यंत जे यंत्र आज आहे त्याच्याविषयी विचारणे आपल्या हातात आहे. आपल्या नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे: वायुमापके किती आहेत, ती कोणकोणते वायू मोजतात, प्रत्येकातील घट शेवटचा कधी बदलला, यंत्राची तपासणी ज्ञात प्रमाणाच्या वायूने शेवटची कोणत्या तारखेला झाली, आणि गेल्या वर्षात ज्या ज्या दिवशी मॅनहोल उघडले त्या दिवशीच्या मोजणीची नोंदवही कोठे आहे. नोंदवहीची प्रतही मागावी. नुसते ‘होय’ हे उत्तर घेऊ नये. अर्जावर दहा रुपयांचे तिकीट लावावे लागते, आणि उत्तर तीस दिवसांत देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.